वेढलेल्या शहरातून गरीब माणूस बाहेर का पडत नाही?

आपण ऐरोलीहून लिहिले आहे की, आपल्या कार्यालयातील एका सुदानी सहकाऱ्याची मावशी, तिची मुले आणि शेजारची काही कुटुंबे वेढा पडलेल्या शहरात अडकली आहेत, आणि ज्यांच्याकडे गाडी किंवा पैसा होता ते लोक केव्हाच निघून गेले आहेत. आपण मित्रमंडळींनी मिळून काही रक्कम जमवली आहे. ती बसभाड्यासाठी पाठवावी का, पाठवायची तर कोणाकडे, आणि ‘बाहेर काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देणे योग्य ठरेल का, असे आपले प्रश्न आहेत. शहराचे आणि माणसांची नावे आपण लिहिली नाहीत, हे फार चांगले केले. पुढेही ती कुठे उघड लिहू नयेत. मी अनेक वर्षे मदतसंस्थांमध्ये विस्थापितांची नोंदणी आणि वाहतूक हे काम केले असून आता ठाण्यात स्थायिक आहे. त्या अनुभवावरून जे सांगता येईल ते सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडतो. गरीब माणसे भाडे नाही म्हणून अडकतात, असे दुरून वाटते, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु नोंदणीच्या टेबलावर बसल्यावर माझ्या लक्षात येत गेले की, भाड्याची सोय झाली तरी निम्म्याहून अधिक कुटुंबे लगेच उठत नाहीत. बसमधून उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढायची, दुसऱ्या आठवड्यात काय खायचे आणि दुसऱ्या महिन्यात घरभाडे कोठून द्यायचे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नसते. सधन माणसाला शहराबाहेर नातेवाईक असतात, बँकेत रक्कम असते, कागदपत्रे धड असतात. गरिबाचे सारे भांडवल म्हणजे त्याची खोली, त्याचे अवजार आणि वाणी ज्या ओळखीवर उधार देतो ती ओळख, आणि हे सगळे त्याच शहरात असते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, प्रवासाची आखणी शेवटच्या टोकापासून करावी. आधी पोहोचण्याचे ठिकाण, मग कागदपत्रे, मग वाट आणि सर्वांत शेवटी गाडीतली जागा.

हे समजण्यासाठी आपल्याला सुदानपर्यंत जावेच लागते असे नाही. मे २०२० मध्ये मुंबई-नाशिक महामार्गावरून कसाऱ्याच्या दिशेने चालत निघालेली माणसे ठाणे जिल्ह्यातील प्रत्येकाने पाहिली आहेत. तो वेढा नव्हता आणि ते युद्धही नव्हते, पण गरिबाच्या पायात अडकणाऱ्या गाठी मात्र त्याच होत्या. भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा ती पकडण्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागत होता, सोबत आधारची प्रत लागत होती आणि सुरुवातीला वैद्यकीय दाखलाही लागत होता. दवाखान्यांसमोर त्या दाखल्यासाठी रांगा लागल्या. त्या दिवसांत कळव्याला आणि मुंब्र्याला मी ज्या कामगारांशी बोललो, त्यांपैकी अनेकांचा पगार ठेकेदाराकडे अडकला होता, खोलीचे डिपॉझिट मालकाकडे होते, आणि निघून गेलो तर दोन्ही बुडेल ही भीती त्यांना आजाराहून मोठी वाटत होती. मोफत गाडी उभी असतानाही माणूस का थांबतो, याचे उत्तर त्या भीतीत आहे.

युद्धातले उदाहरण घ्यायचे तर युक्रेनचे घेता येईल. जुलै २०२२च्या अखेरीस तेथील सरकारने दोनेत्स्क प्रांतातून सक्तीच्या स्थलांतराची घोषणा केली. त्या प्रांतातील पोक्रोव्स्क शहराहून मोफत गाड्या सुटत होत्या, स्वयंसेवक आपल्या व्हॅन घेऊन दारापर्यंत जात होते. विस्थापितांना सरकारकडून प्रौढ व्यक्तीमागे दरमहा २,००० रिव्निया (युक्रेनचे चलन) आणि मुलामागे ३,००० रिव्निया मिळत होते. तरीही हजारो लोक, विशेषतः निवृत्तिवेतनावर जगणारी म्हातारी माणसे, मागे राहिली आणि गेलेल्यांपैकी काही जण परत आले. सुरक्षित शहरातले घरभाडे त्या रकमेत भागत नव्हते, आणि मागे स्वतःचे घर, तळघरातला बटाटा आणि परसातली कोंबडी होती. त्यांना अडाणी किंवा हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी आपला हिशेब नीट मांडला होता.

युक्रेनमधल्याच, रशियन फौजांनी वेढलेल्या मारियुपोल शहराचे चित्र याहून कठोर होते. ५ मार्च २०२२ रोजी जाहीर झालेला सुरक्षित मार्ग त्याच दिवशी कोलमडला. १४ मार्चला खासगी गाड्यांचा पहिला मोठा ताफा बाहेर पडला, म्हणजे ज्यांच्याकडे गाडी होती आणि टाकीत इंधन होते ते निघाले. उरलेल्यांसाठी निघालेल्या बस वाटेतच पुन्हा पुन्हा अडवल्या गेल्या. अझोवस्ताल पोलाद कारखान्याच्या तळघरांतून शंभराहून अधिक नागरिक संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस यांच्या संयुक्त ताफ्यातून युक्रेनच्या ताब्यातील झापोरिझ्झिया शहरात पोहोचले, तेव्हा मे महिना उजाडला होता.

आता कायद्याविषयी, कारण आपण ‘त्यांना बाहेर पडण्याचा हक्क नाही का’ असेही विचारले आहे. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम १७ सांगते की, वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, अशक्त, वृद्ध, मुले आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी स्थानिक समझोता करण्याचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न करावा’ एवढेच ते बंधन आहे, आणि धडधाकट प्रौढ पुरुषाचा त्या यादीत उल्लेखच नाही. हे कलम मुळात दोन देशांमधील युद्धासाठी आहे. सुदानसारख्या अंतर्गत संघर्षात चारही करारांना समान असलेल्या कलम ३च्या आधारे पक्षांनी असा समझोता वेगळा करायचा असतो. त्याच चौथ्या कराराच्या कलम ४९ने ताब्यातील प्रदेशातून लोकांना सक्तीने हलवण्यास मनाई केली आहे, आणि हेही विसरून चालत नाही. शहर रिकामे करून घेणे हाच काही वेळा वेढा घालणाऱ्याचा हेतू असतो. म्हणून ‘तुम्हाला जायचे आहे का, आणि कोठे जायचे आहे’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्रपणे, शक्य तर शस्त्रधारी माणूस जवळ नसताना, विचारावा लागतो. असा समझोता पाळला जातो तो पाळणाऱ्याला त्यात आपला लाभ दिसतो म्हणून. आपल्या शेजारच्या वसईला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत देऊन चीजवस्तूसह जाऊ दिले, तेव्हा तो लेखी तह होता, मुदत ठरलेली होती आणि किल्ला हातात येणार हे निश्चित होते. आजही या तीन गोष्टींची उत्तरे मी सर्वांत आधी शोधतो: समझोता कोणाकोणात झाला, किती तासांचा, आणि तो पाळल्याने कोणाला काय मिळते.

प्रत्यक्ष ताफा कसा निघतो हे थोडे सांगतो, म्हणजे ‘बस पाठवू’ या शब्दांमागे काय दडले आहे याची कल्पना येईल. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांकडून मार्ग, वेळ, गाड्यांची संख्या आणि त्यांचे क्रमांक यांना होकार घ्यावा लागतो. तो होकार वरच्या कार्यालयातून आला तरी शेवटच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोराला तो कळलेला असेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक नाक्याची खातरजमा करतात. लोकांना आदल्या रात्री चौकात जमवायचे नसते, कारण जमलेली गर्दी हेच लक्ष्य होते. आणि एका ताफ्याची सुटका दुसऱ्या ताफ्याला बांधलेली असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. डिसेंबर २०१६ मध्ये सीरियातील पूर्व अलेप्पोतून लोकांना काढताना फुआ आणि केफ्राया या दुसऱ्या बाजूने वेढलेल्या गावांतून माणसे निघण्याची अट जोडली गेली. एका ठिकाणी बस अडली की दुसऱ्या ठिकाणचे लोक थंडीत रस्त्यावर ताटकळत राहत. पुढे एप्रिल २०१७ मध्ये त्याच दोन गावांतून निघालेल्या बस अलेप्पोजवळ रशिदीन येथे थांबून असताना स्फोट झाला आणि शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. ताफा थांबून राहणे हा चालण्याइतकाच, किंबहुना त्याहून मोठा धोका असतो, हे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत आलो.

यात सर्वांत कठीण भाग पुरुषांचा आहे, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नसल्यामुळे मुद्दाम विचारतो: त्या मावशींच्या मुलांची वये काय आहेत? फेब्रुवारी २०१४ मध्ये सीरियातील होम्सच्या जुन्या शहरातून सुमारे १,४०० लोक बाहेर आले, तेव्हा साधारण १५ ते ५५ वयाच्या पुरुषांना चौकशीसाठी वेगळे काढून ठेवण्यात आले. बोस्नियातील स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये बायका-मुलांना बसमध्ये बसवले गेले आणि सुमारे ८,००० पुरुष व मुलगे ठार मारले गेले. सुदानच्या दारफूर भागातील एल फाशेर शहराचा वेढा मे २०२४ पासून सुरू होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहर पडले. तेथून सुमारे ६० किलोमीटरवरच्या ताविलाकडे पायी निघालेल्या लोकांनी वाटेत पुरुषांना वेगळे काढल्याच्या आणि खंडणीसाठी डांबल्याच्या हकिकती सांगितल्या. म्हणून घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर ‘सगळे मिळून निघा’ असा सल्ला मी दुरून कधीही देत नाही. कुटुंबाने एकत्र जायचे की वेगवेगळ्या वेळी, की थांबायचे, हा निर्णय त्या आईचा आहे, आणि तो घेण्यासाठी तिला खरी माहिती मिळवून देणे हे आपले काम आहे. गेल्या दोन-तीन दिवसांत त्या वाटेने जे प्रत्यक्ष पोहोचले, त्यांच्याशी तिचा फोन जोडून देता आला तर त्याची बरोबरी कुठलीही रक्कम करू शकत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे वाटते, पण माझा सर्वांत अधिक वेळ त्यातच गेला. एका बाईने पावाच्या रिकाम्या पिशवीतून वीजबिल, मुलाचे लसीकरणाचे कार्ड आणि घरभाड्याची फाटकी पावती टेबलावर मांडली होती. ओळखपत्र घराबरोबर जळाले होते. त्या तीन कागदांवरून आम्ही तिचे नाव, पत्ता आणि मुलाशी नाते एवढे जुळवू शकलो, आणि पुढच्या नाक्यावर तेवढ्याने काम झाले. त्यामुळे घरात जो कागद असेल त्याचे छायाचित्र काढून शहराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे आताच पाठवून ठेवावे आणि मग स्वतःच्या फोनमधून पुसून टाकावे. फोन नाक्यावर तपासले जातात. त्यात लढाईची चित्रे, कुठल्याही पक्षाचे गाणे किंवा झेंडा असता कामा नये. लहान मुलांच्या बाबतीत आम्ही सुती कापडाच्या पट्टीवर बॉलपेनने मुलाचे नाव, जन्मवर्ष, आईचे नाव आणि पोहोचण्याच्या ठिकाणचा एक फोन क्रमांक लिहून ती पट्टी सदऱ्याच्या आतल्या दुमडीत शिवायला सांगत असू. ती बाहेरून दिसू नये. गर्दीत मूल हरवणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. १९९३च्या वसंतात स्रेब्रेनिकातून निघालेल्या ट्रकांवर लोक असे काही तुटून पडले की गर्दीत चेंगरून माणसे दगावली. गाडीत किती जण बसतील हे आधी ठरवून, नावे वाचूनच चढवणे यात कोरडेपणा दिसतो, पण त्याने जीव वाचतात.

दलालाविषयी मी सरसकट हो किंवा नाही म्हणू शकत नाही. ज्या शहराभोवती कोणतीही अधिकृत वाट उरलेली नाही, तेथे गाढवगाडीवाला किंवा ट्रकवाला हाच एकमेव मार्ग असतो, आणि त्याने घेतलेल्या पैशांतला मोठा भाग नाक्यांवर वाटला जातो हे तेथील प्रत्येकाला ठाऊक असते. अशा माणसाला केवळ पैसे घेतो म्हणून गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही. तथापि काही खुणा दिसल्या तर मी कुटुंबांना स्पष्टपणे थांबा म्हणतो. सगळी रक्कम आगाऊ मागणारा, रात्रीचाच प्रवास हवा म्हणणारा, तरुण मुलींना वेगळ्या गाडीत बसवू म्हणणारा, ओळखपत्रे स्वतःकडे ठेवून घेणारा आणि आधी पोहोचवलेल्या एकाही कुटुंबाशी बोलणे करून न देणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. जेथे व्यवहार करावाच लागतो तेथे कुटुंबे बहुधा पैसे पलीकडच्या गावातील एखाद्या व्यापाऱ्याकडे किंवा वडीलधाऱ्याकडे ठेवतात, आणि सगळे सुखरूप उतरल्याचा फोन आल्यावरच ते गाडीवाल्याला मिळतात. परदेशातून पैसा येतो आहे हे मात्र गाडीवाल्याला कळता कामा नये, कारण कळले की मावशींची किंमत वाढते आणि खंडणीचा धोका सुरू होतो.

आता आपल्या रकमेविषयी. ती भारतातून नातेवाइकांना किंवा देणगी म्हणून पाठवायची असेल तर बँकेमार्फत रीतसर पाठवावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत भेट किंवा देणगी पाठवता येते, त्यामुळे आपल्या रकमेला मर्यादेची अडचण येणार नाही. हवाला मात्र टाळावा, तो आपल्याकडे बेकायदा आहे. पैसे थेट वेढ्याच्या आत पाठवण्याची घाई करू नये. सुदानमध्ये बँकेच्या मोबाइल ॲपवर पैसे येतात, परंतु ते रोखीत बदलून देणारे लोक रोखीच्या टंचाईमुळे मोठी कपात करतात, आणि हातात आलेली रोकड नाक्यावर काढून घेतली जाण्याची शक्यता असते. माझ्या मते आपल्या रकमेचा मोठा हिस्सा मावशी जेथे पोहोचणार त्या गावातील यजमान कुटुंबासाठी राखून ठेवावा. किमान दोन महिन्यांचे छप्पर, पीठ, तेल आणि औषध एवढ्याची तजवीज झाली आहे हे त्यांना फोनवर, त्या यजमानाच्याच तोंडून, ऐकू द्यावे. पुष्कळदा कुटुंब निघायला तयार होते ते त्या फोननंतर.

आणि जे निघू शकत नाहीत त्यांना विसरू नये. आपण लिहिलेल्या शेजाऱ्यांमध्ये अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, दिवस भरत आलेली बाई असेल, म्हाताऱ्या आईला सोडून न जाणारा मुलगा असेल. एल फाशेरमध्ये लोकांवर जनावरांसाठीची शेंगदाण्याची पेंड खाण्याची पाळी आली, तेव्हाही मोहल्ल्यांतील तरुण वर्गणी काढून सामुदायिक चुली पेटवत होते. सुदानमध्ये या चुलींना तकाया म्हणतात, आणि आपत्कालीन प्रतिसाद कक्ष या नावाने ओळखले जाणारे स्थानिक स्वयंसेवकांचे गट त्यांतील अनेक चालवतात. बाहेरच्या मोठ्या संस्था पोहोचू शकत नाहीत तेथे हेच लोक असतात. आपल्या सहकाऱ्याच्या ओळखीने अशा एखाद्या चुलीपर्यंत रकमेतील एक वाटा पोहोचवता आला तर मागे राहिलेल्यांनाही मदत होईल. मागे राहिलेला माणूस नागरिकच असतो. ‘जायला सांगितले होते, गेला नाही’ म्हणून त्याच्यावर हल्ला करण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही मिळत नाही. मदत करणाऱ्यांनीही त्याला दोष देऊ नये.

थोडक्यात पुढच्या आठवड्याचा क्रम सांगतो. सहकाऱ्याला पहिल्यांदा हे विचारावे की मावशींना खरोखर निघायचे आहे का, घरात कोण कोणत्या वयाचे आहे आणि बाहेर ओळखीचे कुटुंब कोठे आहे. त्यानंतर त्या बाहेरच्या कुटुंबाशी बोलून दोन महिन्यांचा खर्च काढावा आणि कागदांची छायाचित्रे तेथे पोहोचवावीत. कुटुंबीयांची ताटातूट झाली असेल तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस आणि सुदानी रेड क्रेसेंट यांच्या शोधसेवेकडे नोंद करावी. ती विनामूल्य असते. वाटेची ताजी माहिती तेथून नुकत्याच आलेल्या माणसाकडूनच घ्यावी, समाजमाध्यमावरच्या आवाहनावरून घेऊ नये. गाडीभाड्याची रक्कम बाजूला काढून ठेवावी, पण ती या सगळ्या उत्तरांनंतरच मोकळी करावी. मुलांची वये आणि पलीकडच्या गावाची सोय कळली की मला पुन्हा लिहावे. आपल्याला ठाण्याला येणे जमणार असेल तर सहकाऱ्यालाही बरोबर आणावे, म्हणजे यादी समोर बसून करता येईल.